हातभट्टी आणि हाताचे कसब

'हातभट्टी' हा शब्द मराठीत उच्चारला की डोळ्यांपुढे काय उभे राहते? पोलिसांची धाड, नाल्यात ओतून दिलेला सडवा, फुटलेली मडकी आणि तोंडावर पदर ओढून उभी असलेली एखादी बाई. वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर ही बातमी ठराविक शब्दांत येतच असते. त्याच वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत 'क्राफ्ट बीअर'वरही लेख येतो. पुण्या-मुंबईत कुठल्या मद्यशाळेत कोणत्या चवीची बीअर मिळते, ती गाळणाऱ्या तरुणाने चांगली नोकरी सोडून हा छंद कसा जोपासला, याचे त्यात कौतुक असते. इंग्रजीतल्या 'क्राफ्ट' या शब्दाचा अर्थ हाताचे कसब असाच आहे. म्हणजे दोन्ही शब्दांत हात आहे. एका हातात बेडी पडते आणि दुसऱ्याची मुलाखत छापून येते. हा भेद दारूच्या गुणावगुणांतून निर्माण झाला, की तिच्या इतिहासातून? मला तो इतिहास येथे मांडायचा आहे.

प्रथम माझी भूमिका स्पष्ट करतो. मी दारू पीत नाही. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि आमच्या घरात ती आजोबांच्या पिढीपासून पाळली जाते. तेव्हा हा लेख दारूच्या समर्थनाचा नाही. आपल्या वस्त्यांतली किती घरे दारूने बसली हे या नियतकालिकाच्या वाचकाला मी सांगण्याची गरज नाही. परंतु एखादी गोष्ट वाईट आहे म्हणून तिच्याविषयीचा कायदा आपोआप न्याय्य ठरत नाही. कायद्याने कुणाचे मडके फोडले आणि कुणाच्या टाकीला परवाना दिला, हा प्रश्न न पिणाऱ्या माणसानेही विचारला पाहिजे. किंबहुना त्यानेच विचारला पाहिजे, कारण त्याचा त्यात स्वार्थ नसतो.

माझे गाव हिवरखेड. आज ते अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात आहे. पूर्वी अकोट तालुक्यात होते. गावाच्या दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्याची काळी कपाशीची जमीन आणि उत्तरेला सातपुडा. डोंगर चढला की मेळघाटचा मुलूख लागतो. अकोल्याहून खंडव्याला जाणारी जुनी मीटरगेज गाडी याच गावावरून धुळघाटाकडे चढत असे. डोंगरातले कोरकू आणि पठारावरचे शेतमजूर यांची गाठ आमच्या बाजारात पडायची. जळतण, चारोळी, डिंक यांच्याबरोबर मोहाची फुलेही खाली यायची.

मोहाचे फूल ही गरिबाच्या संसारातली एक मोठी वस्तू आहे, हे शहरी वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये, शेतात काम नसते आणि घरातले धान्य संपत आलेले असते तेव्हा, पहाटेच्या वेळी ही फुले झाडाखाली पडतात. बायका-पोरे अंधारात जाऊन ती वेचतात आणि अंगणात वाळवतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. त्यामुळे ती भाजून खातात, भाकरीत घालतात, जनावरांनाही देतात. दारू हा फुलाच्या अनेक उपयोगांपैकी एक. कोरकू तिला सिडू म्हणतात आणि जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींत तिला जागा असते.

ती करण्याची रीत अशी. वाळलेली फुले मडक्यात भिजत घालायची आणि काही दिवस आंबू द्यायची. याला सडवा म्हणतात. उन्हाळ्यात तो लवकर येतो, थंडीत उशिरा. सडवा आला की नाही हे मडक्याला कान लावून आणि वास घेऊन ठरवायचे. मग तो चुलीवर चढवायचा, मडक्याचे तोंड मातीने लिंपायचे, नळीतून वाफ दुसऱ्या भांड्यात घ्यायची आणि ती थंड पाण्याने निववायची. जाळ जास्त झाला तर करपते, कमी झाला तर धार येत नाही. या कामाला मापे नाहीत, घड्याळ नाही, कागद नाही. सगळे ज्ञान नाक, कान आणि बोटे यांत साठवलेले. हे ज्ञान बहुतांशी बायकांच्या हाती होते, हेही नोंदवून ठेवतो.

आता यावरचा कायदा पाहू. इंग्रजी राज्य येण्यापूर्वीही दारूवर कर होता, मक्तेदार होते. पण मडके कुठे लावायचे आणि झाड कुणी छेदायचे यावर दूरच्या कचेरीतून नजर ठेवणारी यंत्रणा इंग्रजांनी उभी केली. मुंबई इलाख्यात १८७८चा अबकारी कायदा आला. त्याचे धोरण सरळ होते : गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करायच्या, गाळण्याचे काम थोड्या मोठ्या भट्ट्यांत एकवटायचे, त्यांचा मक्ता पैसेवाल्याला द्यायचा, आणि थेंबाथेंबावर कर घ्यायचा. कोकणातल्या ताडी काढणाऱ्या भंडाऱ्यांवर झाडागणिक कराचा बोजा वाढला आणि पिढीजात धंदा त्यांच्या हातून गेला. एवढ्याने भागले नाही. चोरून गाळणे थांबेना, तेव्हा १८९२ साली ठाणे-कुलाब्यासाठी मोहाचा स्वतंत्र कायदा झाला. त्याने दारूवर नव्हे, फुलावरच बंधन घातले. ज्या फुलावर कातकऱ्याची आणि ठाकराची चूल उन्हाळ्यात पेटायची, ते घरात साठवणे हाच संशयाचा विषय झाला.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि १९०३ साली मध्य प्रांताला जोडला गेला. या प्रांतातही दोन पद्धती चालत. एकीत ठराविक मुलखात गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क लिलावाने दिला जाई. दुसरीत मध्यवर्ती भट्टीतून दारू पुरवली जाई आणि दुकानांचा लिलाव होई. शिंदीच्या झाडांचीही हीच गत. पद्धत कोणतीही असो, गाळण्याचा हक्क पैशाने विकत घ्यावा लागे. ज्याच्याजवळ लिलावात बोलायला पैसा नाही त्याने गाळली की ती चोरी. हातभट्टी हा गुन्हा इथे जन्मला. पिणे वाईट म्हणून तो गुन्हा ठरलेला नाही. सरकारचा महसूल बुडतो म्हणून ठरलेला आहे. कपाशीच्या भरभराटीत आमच्या भागात सरकी काढण्याचे आणि गठ्ठे बांधण्याचे कारखाने निघाले, मजुरीचा रोख पैसा हातात खेळू लागला. दारूचा महसूल याच पैशातून वसूल व्हायचा.

याच काळात १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदाही आला. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या या जमाती १९५२ साली कागदावर विमुक्त झाल्या. परंतु भटके-विमुक्त म्हटले की हातभट्टी, ही सांगड पोलीस ठाण्याच्या मनातून आजही गेलेली नाही. ज्यांना जमीन नाही, गावात घर नाही, कुणी कामावर घेत नाही, त्यांच्यापुढे कोणते धंदे उरतात? उरलेल्या धंद्यालाच त्यांचा स्वभाव म्हणायचे, ही जातिव्यवस्थेची जुनी युक्ती आहे. मेलेले ढोर आम्हांला ओढायला लावले आणि ढोर ओढतात म्हणून आम्हांला बाटगे ठरवले, त्यातलाच हा प्रकार.

आपल्या परंपरेने दारूच्या प्रश्नाकडे कसे पाहिले, हे या ठिकाणी तपासले पाहिजे. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली त्यांनी शहरात नवे दारूचे दुकान उघडण्यास लेखी विरोध केला. त्यांचा रोख दुकानाला परवाना देणाऱ्या सत्तेवर होता. बाबासाहेबांनी हाच धागा पुढे नेला. मार्च १९२७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी एक साधा हिशेब मांडला : इलाख्यात सरकार माणशी शिक्षणावर १४ आणे खर्च करते आणि अबकारी उत्पन्न म्हणून माणशी २ रुपयांहून अधिक वसूल करते. लोकांकडून दारूच्या मार्गे जितके घेता तितके तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, एवढीच त्यांची मागणी होती. पुढे १९३९ साली काँग्रेस मंत्रिमंडळाच्या दारूबंदीच्या खर्चिक योजनेवर टीका करताना त्यांनी शिक्षणासारख्या गरजा आधी आहेत असे सांगितले. त्याच बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्याला दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. यात काहींना विसंगती दिसते. मला दिसत नाही. माणसाने स्वतःच्या निश्चयाने दारू सोडणे वेगळे आणि राज्याने दंडुक्याने ती सोडायला लावणे वेगळे. पहिल्यातून स्वाभिमान येतो. दुसऱ्यातून पोलीस ठाण्याचा हप्ता येतो.

हा फरक आमच्या घराने पाहिला आहे. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने १९३८ साली दारूबंदीचा कायदा केला आणि सुरुवातीला ज्या निवडक भागांत ती लागू केली, त्यांत आमचा अकोट तालुका होता. माझी आजी सांगायची, तिच्या सासूची मडकी शिपायांनी फोडली होती. ती पुन्हा आणली, पुन्हा लावली, कारण पोटाला दुसरे काही नव्हते. धम्मदीक्षेनंतर मात्र वस्तीने ठरवले आणि आजीच्या सासूने आपल्या हाताने उरलेली मडकी विहिरीच्या कट्ट्यावर फोडली. "शिपायानं फोडली तवा मी रडली व्हती, म्या फोडली तवा नाई रडली," असे ती म्हणायची म्हणे. त्यानंतर आमच्या घरात पुन्हा सडवा लागला नाही.

या प्रकारचे मडके फोडणे फक्त आपल्याच चळवळीत घडले असे नाही. १९२२ साली ठाणे जिल्ह्यापासून दक्षिण गुजरातपर्यंतच्या आदिवासींनी देवीच्या नावाने ताडी-दारू सोडली. त्या त्यागात दारूच्या मक्तेदारांचे कर्ज आणि वेठबिगार झुगारण्याची ईर्षा होती. १९७२-७३च्या सुमारास शहाद्याच्या श्रमिक चळवळीतल्या भिल्ल स्त्रियांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. त्यांना नवऱ्याचा मार थांबवायचा होता. या स्त्रियांच्या हातचे मडके आणि शिपायाच्या हातचे मडके एकाच रकान्यात मांडता येत नाही. पण आपले इतिहासलेखन दोन्ही 'दारूबंदी' या एकाच शब्दाखाली घालून मोकळे होते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई दारूबंदी अधिनियम झाला आणि १९५९ साली तो विदर्भालाही लागू करण्यात आला. आज तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्याचे कलम ६५ आणि त्याची पोटकलमे आमच्या वस्त्यांतल्या अडाणी म्हातारीलाही पाठ आहेत. गंमत अशी की राज्यातला दारूचा प्रत्येक परवाना, पंचतारांकित हॉटेलापासून बीअरच्या कारखान्यापर्यंत, याच 'दारूबंदी'च्या कायद्याखाली दिला जातो. म्हणजे या कायद्याने दारू बंद केलेली नाही. दारू कुणी करायची हे त्याने ठरवले आहे.

आणि कुणासाठी दार उघडले, याचा क्रम पाहण्याजोगा आहे. दारूबंदी शिथिल झाल्यावर १९७३ साली देशी दारूचे नियम आले. ही 'देशी' कशाची? साखर कारखान्यांत उरणाऱ्या मळीची. पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाचा टाकाऊ माल बाटलीत भरून विदर्भ-मराठवाड्याच्या मजुराला विकण्याची अधिकृत सोय झाली, आणि मोहाचे फूल मात्र बेकायदा राहिले. २००१ साली द्राक्षांपासून वाइन करण्याला उत्तेजन देणारे धोरण आले. वाइन म्हणजे दारू नव्हे, शेतकऱ्याचे हित आहे, असे तेव्हापासून आपल्याला ऐकवले जाते. २००७ साली ज्वारीसारख्या धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे १० रुपये अनुदान देण्याचे धोरण आले. या कारखान्यांत कोणत्या पुढारी घराण्यांचे हितसंबंध होते, यावर तेव्हा बरेच लिहून आले आहे. ज्वारी आमची, पावसात काळी पडलेली ज्वारी आमची, अनुदान मात्र कारखानदाराचे. २००९ साली पुण्यात 'डूलाली' नावाने लहान प्रमाणावर बीअर गाळून तिथेच पाजणारी मद्यशाळा सुरू झाली आणि पुढे पुण्या-मुंबईत अशा अनेक निघाल्या. ऊस, द्राक्ष, धान्य, जव : ज्याचा धनी जितका बलवान तितके त्याचे दार आधी उघडले.

फुलाची पाळी सगळ्यांत शेवटी आली. २०२१ साली शासनाने मोहफुले गोळा करण्यावरची आणि नेण्या-आणण्यावरची बंधने हटवली, आणि २०२२ साली मंत्रिमंडळाने काजूबोंडे व मोहफुले यांच्यापासून केलेल्या मद्याला विदेशी मद्याचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. सातपुड्याच्या झाडाचे फूल, कोरकू बाईच्या हाताचे कसब, आणि दर्जा 'विदेशी'! जणू स्वदेशात त्या कसबाला जागाच नव्हती. गोव्याने आपल्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळवले आणि २०१६ साली तिला वारसा पेय म्हणून मान्यता दिली. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणत बाजारात आणले. या निर्णयांना मी सरसकट वाईट म्हणणार नाही. पण कारखान्याची यंत्रे, परवान्याची फी, बाटलीबंद करण्याचा खर्च आणि बाजारपेठ उभी करण्याचे भांडवल कुणाजवळ आहे? फूल वेचणारी बाई पुन्हा किलोच्या भावाने फूलच विकणार, आणि तिची रीत दुसऱ्याच्या बाटलीवर 'परंपरा' म्हणून छापली जाणार, ही भीती निराधार नाही.

दोन वर्षांपूर्वी उजळणी वर्गासाठी मी पुण्यास गेलो होतो. माझा एक जुना विद्यार्थी तिथे कंपनीत नोकरीला आहे. "सर, तुम्ही पिऊ नका, पण पाहून तरी घ्या," म्हणून तो मला अशाच एका मद्यशाळेत घेऊन गेला. काचेपलीकडे चकचकीत पोलादी टाक्या होत्या. तिथला एक तरुण आलेल्यांना माहिती देत होता : जव भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, गरम पाण्यात त्याची साखर होऊ द्यायची, हॉप्स नावाची फुले घालून उकळायचे, निववायचे आणि किण्व घालून आंबू द्यायचे. मग एका लाकडी फळीवर चार लहान पेले आले : गव्हाची बीअर, काळी स्टाउट, सफरचंदाची आणि 'इंडिया पेल एल'. विद्यार्थी एकेक चाखून सांगत होता : ही कडवट, ही केळ्याच्या वासाची, ही भाजल्यासारखी. मी फक्त वास घेतला. पहिल्या पेल्याला उकडलेल्या धान्याचा वास होता. टाकीच्या झाकणाजवळ मात्र जो आंबूस वास होता तो आमच्या नाल्याकाठी लहानपणी ओळखीचा झालेला वास होता. सडव्याचा.

तो तरुण मोठ्या आदराने सांगत होता की यंत्रे कितीही असली तरी टाकी तयार झाली की नाही हे आमचा ब्रुअर शेवटी नाकाने ठरवतो. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. हॉप्स परदेशातून येतात हेही त्याने अभिमानाने सांगितले. एका पेल्याची किंमत आमच्याकडच्या निंदणाच्या दिवसभराच्या मजुरीपेक्षा जास्त होती. त्या तरुणाविषयी माझ्या मनात काही अढी नाही. तो आपल्या कामाविषयी प्रेमाने बोलत होता, आणि कोणतेही काम प्रेमाने करणारा माणूस मला आवडतो. माझा प्रश्न त्याच्याविषयी नाहीच. नाकाने ठरवणाऱ्या दुसऱ्या माणसाला आपण अडाणी आणि गुन्हेगार का म्हणतो, हा माझा प्रश्न आहे.

या धंद्यातली नावेही बोलकी आहेत. 'डूलाली' हा इंग्रजी शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून पडला. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथल्या छावणीत पडून असलेले गोरे शिपाई वेडेपिसे होत, म्हणून वेड लागण्याला ते 'डूलाली' म्हणू लागले. 'इंडिया पेल एल' ही हिंदुस्थानातल्या गोऱ्यांसाठी विलायतेहून बोटीने येणारी बीअर. मधापासून मद्य करणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीने 'मूनशाइन' असे नाव घेतले आहे. मूनशाइन म्हणजे इंग्रजीत चोरून, चांदण्यात गाळलेली दारू. म्हणजे आपल्या भाषेत हातभट्टीच! परवाना हातात असला की गुन्ह्याचे नावही शोभेचा दागिना होते. आमच्या वस्तीतल्या कुणी आपल्या दुकानावर 'हातभट्टी' अशी पाटी लावून पाहावी.

यावर दोन आक्षेप घेतले जातील, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला असा की बीअर सौम्य असते आणि मोहाची दारू कडक, तेव्हा दोन्हींची तुलना चुकीची आहे. हे खरे आहे. पण ताडी आणि शिंदीही सौम्यच होत्या. त्यांच्या झाडांवरचा कर त्यामुळे कमी झाला नाही. दुसरा आक्षेप विषारी दारूचा. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. मरणारे बहुतेक हातावर पोट असलेले होते. पण मेले ते कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या मिथेनॉलने. मोहाच्या फुलातून ते विष येत नाही. जिथे फूल मिळत नाही, आंबवायला वेळ नाही आणि धाडीची धास्ती आहे, तिथे चोरबाजारातले रसायन मिसळून झटपट माल करणारे टोळीवाले पुढे येतात. उघड्यावरचे कसब मोडले की अंधारातला धंदा वाढतो, हे मालवणीपासून शिकता येण्याजोगे आहे.

परंतु या साऱ्या युक्तिवादात एक गोष्ट विसरता कामा नये. माझ्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. तिची आई विधवा; दोन एकराचे स्वप्नही ज्यांना पडत नाही अशांपैकी. हातभट्टीवर तिने तीन मुले वाढवली, आणि कोर्टाच्या तारखा केल्या. या विषयावर वर्गात चर्चा चालली असताना ती मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, मायनं मले दारूवर शिकवलं, अन् दारूनंच माहा बाप नेला. मी कोन्या बाजूनं बोलू?" वर्ग गप्प झाला. इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर मी तिला दाखवू शकलो नाही. दारू गाळणारी आणि दारूने विधवा झालेली ही एकच बाई असते, हे ना दारूबंदीवाल्यांच्या हिशेबात बसते ना वारसा पेयवाल्यांच्या.

म्हणून मला वाटते, आपल्या चळवळीने या प्रश्नावर स्वतःची भूमिका घ्यायला हवी. बौद्ध म्हणून आपले पाचवे शील स्पष्ट आहे. विनयपिटकात सुरा आणि मेरय यांची फोड केलेली आहे : पिठाची, भाताची, किण्व घातलेली ती सुरा, फुलाची, फळाची, मधाची, गुळाची ती मेरय. भगवंतांनी धान्याची एक आणि फुलाची दुसरी असा न्याय लावला नाही. दोन्हींना एकच नियम आहे. शीलाची ही समता ज्या कायद्यात नाही, त्या कायद्याला नीतीचे नाव घेण्याचा अधिकार नाही. आपण दारू सोडली ती स्वतःच्या माणूसपणासाठी. तिच्याआड राहून एखाद्या पारध्याला किंवा कोरकू बाईला गुन्हेगार म्हणण्याचा परवाना आपल्याला मिळालेला नाही. आपल्यातल्या शिकलेल्या माणसांत ही सवय वाढते आहे, हे मला अधिक बोचते.

करण्यासारखे बरेच आहे. ज्या गावात बायकांना दारूचे दुकान नको आहे तिथे आडव्या बाटलीच्या मतदानात त्यांच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. भट्टी सोडू पाहणाऱ्या बाईला दुसरे काम मिळेपर्यंत तिच्यावरच्या खटल्यांत तिला वकील मिळवून दिला पाहिजे. मोहाच्या मद्याला सरकार परवाने देणारच असेल, तर ते आधी वेचणाऱ्या बायकांच्या सहकारी संस्थांना मिळावेत ही मागणी लावून धरली पाहिजे. ज्या म्हाताऱ्यांजवळ हे कसब अजून आहे, त्यांच्या तोंडून त्याची नोंद केली पाहिजे; पिण्यासाठी नव्हे, आपल्या श्रमाचा आणि बुद्धीचा इतिहास म्हणून.

आणि बाबासाहेबांचा १९२७चा हिशेब पुन्हा मांडला पाहिजे. आज राज्याला उत्पादन शुल्कातून वर्षाला २० हजार कोटी रुपयांहून अधिक मिळतात. त्यातला किती पैसा आपल्या तालुक्यातून जातो, आणि आपल्या तालुक्यातल्या शाळा, वसतिगृहे व शिष्यवृत्त्या यांवर किती परत येतो, हे विद्यार्थ्यांनी माहितीच्या अधिकारात मागून घ्यावे. त्याच अर्जात कलम ६५खाली गेल्या दहा वर्षांत किती खटले झाले आणि आरोपी कोणत्या जातीजमातींचे होते, हेही विचारावे. तेल्हारा तालुक्याचा असा अर्ज माझ्या विद्यार्थ्यांनी लिहायला घेतला आहे. अकोट, अचलपूर, धारणी, चिखलदरा इथल्या मित्रांनीही तो लिहावा आणि उत्तरे या त्रैमासिकाकडे पाठवावीत. आकडे शेजारी शेजारी ठेवले, की कायद्याचे म्हणणे काय आहे ते आपल्याला त्याच्याच तोंडून ऐकता येईल.